आयई ११ मध्ये तक्ता कोरा, बाकी सगळीकडे ठीक

वेलांटी
मंडळी, जरा मदत हवी आहे.

संस्थेच्या आतल्या वापराचं एक पान आहे. त्यावर नोंदींचा मोठा तक्ता दाखवायला एक छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरली आहे. क्रम लावणं, गाळणी लावणं, पानं पाडणं, एवढंच तिचं काम. आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) ९ पासून पुढे चालते असं तिच्या माहितीत स्वच्छ लिहिलंय, फक्त सेट आणि प्रॉमिस या जावास्क्रिप्टच्या तयार वस्तूंचं पॉलिफिल (ब्राउझरमध्ये नसलेली वस्तू पुरवणारा छोटा कोड) आपलं आपण द्यायचं. ते दिलेलं आहे.

क्रोम, फायरफॉक्स, एज, सगळीकडे तक्ता येतो. वापरणाऱ्यांच्या आयई ११ मध्ये मात्र नुसती रिकामी चौकट. एरर अशी: स्क्रिप्ट१०२८, एक्सपेक्टेड आयडेंटिफायर, स्ट्रिंग ऑर नंबर. जो ओळ क्रमांक दाखवतो, त्या ओळीवर आमच्या टेम्प्लेटमध्ये एक साधा डिव्ह आहे, जावास्क्रिप्टचं अक्षरही नाही. आणि कहर म्हणजे माझ्या मशीनवरच्या आयई ११ मध्ये हेच पान सुरळीत चालतं. दोन्हीकडे 'अबाउट'मध्ये आवृत्ती ११च दिसते.

'आयई सोडा' हे उत्तर कृपया नको. त्याच पानावर कार्ड वाचणारं एक ॲक्टिव्हएक्स कंट्रोल (आयईतच चालणारा जोडभाग) आहे आणि त्याला पर्याय येईपर्यंत ते तिथेच राहणार आहे.

उपटसुंभ
नको म्हणालात तरी सांगतोच. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टनेच आयई ११ चं दुकान आवरलं. बनवणाऱ्यांनी सोडलेलं ओझं आपण का वाहायचं?

वेलांटी
@उपटसुंभ, ॲक्टिव्हएक्सचं वाचलंत ना? एजमधला आयई मोड (एजमध्येच आयईसारखं पान उघडायची सोय) वापरला तरी आतलं इंजिन तेच ट्रायडंट. दुखणं तेच राहणार.

गोगलगाय
एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडे ठेवल्यावर चालतं का बघा बरं. चालत असेल तर कोडमध्ये कुठेतरी कन्सोल-लॉग राहिला असणार. टूल्स बंद असले की आयईत कन्सोल नावाची वस्तूच नसते, त्या ओळीवर स्क्रिप्ट मरते. टूल्स उघडले की वस्तू अवतरते आणि चूक गायब. आम्हाला याने भयंकर छळलं होतं.

अर्धविराम
गोगलगाय, तो आजार आयई ८ आणि ९ चा. १० पासून कन्सोल कायम असतो. शिवाय तेव्हा एरर 'कन्सोल इज अनडिफाइन्ड' अशी यायची. इथली एरर व्याकरणाची आहे. म्हणजे कोड चालण्याआधी, वाचतानाच इंजिन अडलंय.

वेलांटीताई, ती एरर ओळखीची आहे. महिरपी कंसात गुणधर्मांची यादी असते, त्यातल्या शेवटच्या गुणधर्मानंतर एक स्वल्पविराम राहून गेला की जुनं जेस्क्रिप्ट इंजिन म्हणतं, 'पुढे नाव येणार होतं, कंस कसा आला?' आयडेंटिफायर, स्ट्रिंग किंवा नंबर हवा होता ही तक्रार त्याचीच. नवीन इंजिनं तो स्वल्पविराम मुकाट गिळतात.

ओळ क्रमांकाचं म्हणाल तर तुम्ही टेम्प्लेटमध्ये बघताय. ब्राउझर टेम्प्लेट बघत नाही, त्याला सर्व्हरने बनवून पाठवलेलं पान दिसतं. त्याच मशीनवर व्ह्यू सोर्स उघडा आणि तिथे ती ओळ मोजा. लूपने छापलेला काही भाग असेल तर तक्त्याआधीच शेपन्नास ओळी वाढलेल्या असतात.

आणखी एक. स्वल्पविराम महिरपी कंसाऐवजी चौकोनी कंसात राहिला तर प्रकरण जास्त वाईट. तिथे जुनं इंजिन तक्रारच करत नाही, यादीची लांबी गुपचूप एकाने वाढवतं. तीन कॉलम दिलेत, लायब्ररीला चार दिसतात, चौथा अनडिफाइन्ड. मग एरर येते ती लायब्ररीच्या पोटात कुठेतरी, आणि आपण लायब्ररीला शिव्या घालत बसतो.

वेलांटी
अर्धविराम, नेम बरोबर लागला. व्ह्यू सोर्समध्ये ती ओळ म्हणजे पानातल्या स्क्रिप्ट टॅगचा शेवट, जिथे लायब्ररीला कॉलमची माहिती देतो. सर्व्हरवरचा लूप प्रत्येक गुणधर्मानंतर स्वल्पविराम छापतो, शेवटच्यानंतरही. लूप बदलला. स्क्रिप्ट१०२८ गेली.

आता नवीन पाहुणी: स्क्रिप्ट५००९, 'जेसन' इज अनडिफाइन्ड. ही थेट लायब्ररीच्या फाइलमध्ये. ती वापरणाऱ्याने लावलेला क्रम जतन करते, तिथे जेसन (माहिती मजकुरात बदलणारी जावास्क्रिप्टची वस्तू) लागतं.

सर्व्हरच्या लॉगमध्येही डोकावले. त्या मशीनवरून येणारी ब्राउझरची ओळख 'एमएसआयई ७.०' अशी पडलीय. ही माणसं खरंच आयई ७ वापरतात की काय? मी स्वतः 'अबाउट'मध्ये ११ बघून आलेय.

गोगलगाय
सोपं आहे. जेसनचं जुनं पॉलिफिल मिळतं, एकच छोटी फाइल. लायब्ररीच्या आधी टाका, पुढे चला.

रफूगार
थांबा, थांबा. गोगलगाय म्हणतोय ते अजून टाकू नका. टाकलंत तर उद्या ॲरेचं फॉरईच नाही म्हणेल, परवा ॲडइव्हेंटलिसनर नाही म्हणेल, आणि तुम्ही एकेक ठिगळ लावत आयई ७ साठी लायब्ररी नव्याने लिहीत बसाल. जेसन आयईत आलं ते ८ पासून, मार्च २००९ मध्ये. ज्या ब्राउझरला जेसन ठाऊक नाही तो ११ म्हणून वागतच नाहीये. अर्धविरामने सांगितलेला स्वल्पविरामही तेच सांगत होता. आयई ११ आपल्या पूर्ण रूपात असता तर त्याला तो खुपलाच नसता.

आयईच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या. एक, ब्राउझरची आवृत्ती, जी 'अबाउट'मध्ये दिसते. दुसरी, डॉक्युमेंट मोड, म्हणजे हे विशिष्ट पान तो कोणत्या जमान्याच्या नियमांनी वाचतोय. आयई ११ च्या पोटात ५ (क्वर्क्स, म्हणजे सगळ्यात जुनी वागणूक), ७, ८, ९, १० आणि ११ असे सगळे मोड आहेत. मोड ८ किंवा त्याखाली गेला की जावास्क्रिप्टचं इंजिनही बदलतं, नव्या जेस्क्रिप्ट९ च्या जागी जुनं जेस्क्रिप्ट बसतं. म्हणजे फक्त मांडणी जुनी होते असं नाही, भाषाच जुनी होते.

तुमच्या लॉगमधली ओळख नीट पूर्ण वाचा. 'एमएसआयई ७.०' च्या पुढे कुठेतरी 'ट्रायडंट' आणि एक आकडा असेल. ट्रायडंट ४ म्हणजे आयई ८, ५ म्हणजे ९, ६ म्हणजे १० आणि ७ म्हणजे ११. अस्सल आयई ७ असता तर ट्रायडंट हा शब्दच आला नसता, तो ८ पासून आला. माझी पैज, तिथे ट्रायडंट ७.० आहे.

आता हे करून बघा:

बिघडणाऱ्या मशीनवर एफ१२, कन्सोलमध्ये डॉक्युमेंटचा डॉक्युमेंटमोड हा गुणधर्म छापा. ११ यायला हवा. ७ येईल असं मला वाटतं.

मग एम्युलेशनचा टॅब उघडा. तिथे मोडच्या खाली बारीक अक्षरात त्याचं कारणही लिहिलेलं असतं. ते इथे सांगा.

आणि तुम्ही स्वतः पान कोणत्या पत्त्याने उघडता, ते लोक कोणत्या पत्त्याने, तेही सांगा. हे सगळ्यात महत्त्वाचं.

वेलांटी
रफूगार, पैज जिंकलात. लॉगमध्ये ट्रायडंट ७.० आहे. डॉक्युमेंटमोड ७. कारण म्हणून इंट्रानेट कंपॅटिबिलिटी सेटिंग असं काहीसं लिहिलंय.

पत्ता: मी सर्व्हरच्या आयपी पत्त्याने उघडते. ते सर्व्हरच्या छोट्या नावाने उघडतात, एकच शब्द, टिंब नाही. त्यांच्या मशीनवर आयपीने उघडलं तर मोड ११ येतो आणि तक्ताही दिसतो!

पण मग एक कळत नाही. आमच्या पानात कोणता मोड वापरायचा ते सांगणारा एक्स-यूए-कंपॅटिबलचा मेटा टॅग आधीपासून आहे, 'आयई बरोबर एज' (म्हणजे सगळ्यात नवा मोड) असा. तो काय झोपलाय?

उपटसुंभ
हे भारीच. पत्त्यात टिंब नाही म्हणून ब्राउझर चार आवृत्त्या मागे जातो? हे कुणाच्या डोक्यातून आलं?

अर्धविराम
डोकं ठिकाणावर होतं, काळ तसा होता. आयई ८ आला तेव्हा संस्थांच्या आतली असंख्य पानं आयई ६ आणि ७ च्या चुकांवर उभी होती. बाहेरच्या जगातली पानं हळूहळू दुरुस्त होतात, आतली कुणी दुरुस्त करत नाही, कारण करणारा केव्हाच गेलेला असतो. मग आयई ८ ने ठरवलं, पान 'लोकल इंट्रानेट' विभागातलं असेल तर ते कंपॅटिबिलिटी व्ह्यूमध्ये, म्हणजे ७ असल्यासारखं दाखवायचं. ती खूण मुळातच लावून ठेवलेली असते आणि पुढच्या आवृत्त्यांतही तशीच राहिली.

एखादा पत्ता इंट्रानेटचा आहे हे कसं ओळखायचं, तर नावात टिंब नाही ही एक खूण. आयपी पत्त्यात टिंबं असतात, म्हणून तो इंटरनेट विभागात जातो. प्रॉक्सी टाळायच्या यादीत असलेले पत्तेही इंट्रानेट धरले जाऊ शकतात, तेव्हा टिंब असलं म्हणजे सुटलो असं मानू नका. शिवाय डोमेनला न जोडलेल्या मशीनवर इंट्रानेटचे हे नियम मुळात बंद असतात. त्यामुळे प्रोग्रामरच्या स्वतःच्या लॅपटॉपवर छोट्या नावानेसुद्धा पान ठणठणीत चालू शकतं. 'माझ्याकडे तर चालतंय' हे वाक्य इथे शब्दशः खरं असतं आणि तरी उपयोगाचं नसतं.

आणि उपटसुंभ, त्या निर्णयाने किती पानं वाचली याचा हिशेब लागणार नाही. बिघडली तेवढीच आपल्याला दिसतात.

रफूगार
वेलांटीताई, मेटा टॅग झोपलेला नसेल, उशिरा आला असेल. पानाच्या हेडमध्ये तो इतर सगळ्यांच्या आधी लागतो. त्याच्या आधी फक्त शीर्षक आणि दुसरे मेटा टॅग चालतात. आधी एखादी स्टाइलशीट किंवा स्क्रिप्ट आली की ब्राउझरने मोड ठरवून टाकलेला असतो, मग तो टॅग वाचलाच जात नाही. पुन्हा टेम्प्लेट नको, व्ह्यू सोर्स बघा. आराखड्याची फाइल एक, पानाची दुसरी, आणि मध्ये कुणीतरी प्लगिन आपली स्क्रिप्ट हेडच्या अगदी माथ्यावर घुसडतं.

त्यापेक्षा सरळ उपाय: हीच सूचना सर्व्हरकडून एचटीटीपी हेडर (पानासोबत जाणारी सूचना) म्हणून पाठवा. तिथे क्रमाचा प्रश्नच येत नाही. दोन्ही ठिकाणी असेल तर पानातली सूचना हेडरवर मात करते, म्हणून दोघांत वेगवेगळी किंमत ठेवू नका. कुणीतरी पूर्वी पानात 'आयई बरोबर ८' लिहून ठेवलेलं असतं आणि आपण हेडर बदलत राहतो.

डॉकटाइपच्या (पानाच्या माथ्यावरच्या घोषणेच्या) वर काही आहे का तेही बघून घ्या. आयई ९ पर्यंत डॉकटाइपच्या आधी एक साधी एचटीएमएल टिप्पणी असली तरी पान क्वर्क्समध्ये जायचं.

ही सूचना दिल्यावर पान ११ च्या मोडमध्ये येईल, पण लॉगमध्ये ओळख 'एमएसआयई ७.०' अशीच पडत राहील. विनंती पाठवताना ब्राउझरला पान काय सांगणार हे माहीत नसतं. तेव्हा लॉग बघून घाबरू नका, आणि सर्व्हरवर ओळख वाचून 'जुना ब्राउझर' असं वेगळं पान पाठवणारा कोड कुठे असेल तर तो आधी काढा.

काजळी
मध्येच बोलते. पान एखाद्या पोर्टलच्या आयफ्रेममध्ये (पानाच्या आतल्या चौकटीत) उघडत असेल तर वरचं सगळं करूनही उपयोग होत नाही. आयई ९ पासून आतलं पान साधारण बाहेरच्या पानाचाच मोड घेतं. आमच्याकडे बाहेरचं पोर्टल ७ च्या मोडमध्ये होतं, आम्ही आतल्या पानात मेटा टॅग इकडून तिकडे हलवत होतो. शेवटी पोर्टलवाल्यांना हेडर टाकायला लावलं.

वेलांटी
@रफूगार, अगदी तसंच निघालं. सामाईक आराखडा हेडच्या सुरुवातीलाच स्टाइलशीट आणि एक आतली स्क्रिप्ट घालतो, मेटा टॅग त्यांच्यानंतर. आराखडा दुसऱ्या गटाच्या ताब्यात आहे, म्हणून सर्व्हरवरून हेडर पाठवला. छोट्या नावाने उघडून बघितलं: डॉक्युमेंटमोड ११, जेसन आहे, तक्ता दिसला. काजळी, आमच्याकडे आयफ्रेम नाही, सुटलो.

पण पिक्चर अभी बाकी है. विभागाची गाळणी चालत नाही. कोणताही विभाग निवडला की तक्ता रिकामा, 'एकही नोंद नाही'. सगळ्या खुणा काढल्या की पुन्हा सगळ्या नोंदी. एरर काहीच नाही! क्रोममध्ये हीच गाळणी ठीक. आणि आता माझ्या मशीनवरच्या आयईतही तसंच होतंय, म्हणजे हे आधीपासूनच असणार. तिथे गाळणी वापरून कुणी बघितलीच नव्हती.

गोगलगाय
नोडलिस्टवर (पानातल्या घटकांच्या यादीवर) फॉरईच फिरवला असेल. आयई ११ मध्ये ते ॲरेवर आहे, नोडलिस्टवर नाही.

अर्धविराम
मग स्क्रिप्ट४३८ आली असती, ऑब्जेक्ट डझन्ट सपोर्ट प्रॉपर्टी ऑर मेथड. एरर नाही म्हणतायत त्या. कुठे ट्राय-कॅचमध्ये गिळली जात असेल तर गोष्ट वेगळी.

रफूगार
नसलेली गोष्ट आरडाओरडा करते. अर्धवट असलेली गोष्ट गप्प राहते. एरर नाही म्हणजे दुसऱ्या जातीचा बग शोधायचा.

लायब्ररीने सेटचं पॉलिफिल मागितलं होतं ना? तुम्ही दिलेलं पॉलिफिल सुरुवातीला काय तपासतं ते बघा. बहुधा 'विंडोवर सेट नसेल तरच माझा बसव' असं असेल. आयई ११ मध्ये सेट आहे. मॅप आहे, वीकमॅपही आहे. पण ते प्रमाण पक्कं होण्याआधी बनवलेले, २०१३ चे. ईएस६ हे जावास्क्रिप्टचं प्रमाण पक्कं झालं जून २०१५ मध्ये. त्यातली मोठी उणीव अशी की नवा सेट बनवताना कंसात यादी दिली तर आयई ११ ती यादी बघतच नाही. तक्रार नाही, इशारा नाही, रिकामा सेट हातात ठेवतो. ॲड करून एकेक घातलं तर मात्र जातं.

आता गाळणी काय करत असेल ते सांगतो. निवडलेल्या विभागांच्या यादीचा सेट बनवते आणि प्रत्येक नोंदीला विचारते, तुझा विभाग यात आहे का? सेट रिकामा, म्हणून कुणाचाच नाही. एकही नोंद नाही. खुणा सगळ्या काढल्या की गाळणीच लागत नाही, म्हणून सगळ्या दिसतात. लक्षणं जुळतात.

कन्सोलमध्ये तीन आकड्यांच्या यादीवरून नवा सेट बनवा आणि त्याचा साइझ छापा.

वेलांटी
शून्य. 😐

पॉलिफिलची पहिली ओळ तुम्ही म्हणालात तीच: सेट नसेल तर. आहे म्हणून ते बाजूला बसलं.

रफूगार
हं. म्हणून 'आहे का' एवढं विचारून भागत नाही, 'नीट चालतं का' विचारावं लागतं. कोअर-जेएस (पॉलिफिलचा मोठा संच) ते करतं. ते सेटला यादी देऊन बघतं, परत काही येतं का तपासतं, आणि आयई ११ चा सेट नापास झाला की तो बदलतं. तुमचं ते छोटं पॉलिफिल काढून कोअर-जेएसमधले सेट आणि प्रॉमिस घ्या. लायब्ररीच्या फाइलच्या आधी, नंतर नाही. काही लायब्रऱ्या लोड होतानाच सेटचा संदर्भ आपल्या चलात धरून ठेवतात, मागून बदललेला त्यांना दिसत नाही.

आयई ११ ची ही गप्प बसणारी जमात आणखी आहे, हाताशी ठेवा. सेटवर ॲड केल्यावर तो सेट परत मिळायला हवा, तिथे अनडिफाइन्ड मिळतो, म्हणून साखळीने ॲड-ॲड केलं की दुसऱ्यावर कोसळतं. हे निदान ओरडतं तरी. लेट (चल जाहीर करायचा नवा शब्द, व्हारच्या जागी) चालतं, पण फॉर लूपच्या प्रत्येक फेरीला नवं चल मिळत नाही, त्यामुळे आत बनवलेल्या सगळ्या फंक्शनना शेवटचीच किंमत दिसते. व्हार लिहिल्यावर जो घोळ व्हायचा, तोच लेट लिहूनही. आणि हे बघून कुणाला वाटतं, लेट चालतंय म्हणजे बेबल (नवं व्याकरण जुन्यात उतरवणारं साधन) नको. बेबल लागतंच.

उपटसुंभ
आम्ही बेबल लावलेलं आहे, तरी आयई ११ मध्ये अमुक नाही तमुक नाही येतच राहतं. मग फायदा काय?

अर्धविराम
कारण बेबल लिपी बदलतं, शब्दकोश देत नाही. ॲरो फंक्शन, क्लास, टेम्प्लेट स्ट्रिंग हे व्याकरण झालं, ते जुन्या व्याकरणात उतरवता येतं. ऑब्जेक्ट-असाइन, ॲरे-फ्रॉम, स्ट्रिंगचं इन्क्लूड्स, प्रॉमिस या तयार वस्तू. त्या ब्राउझरमध्ये नसतील तर कुणीतरी आणून ठेवाव्या लागतात, ते काम कोअर-जेएसचं. फेच, क्लोझेस्ट, कस्टमइव्हेंटचा कन्स्ट्रक्टर, यूआरएल या तर भाषेच्याही नाहीत, ब्राउझरच्या आहेत. यातल्या यूआरएलचं काम कोअर-जेएस करतं, पण फेच किंवा क्लोझेस्टसाठी वेगळं पॉलिफिल शोधावं लागतं.

आणखी दोन ठिकाणी पाय अडकतो. एक, बहुतेकांच्या मांडणीत नोड-मॉड्यूल्सचा फोल्डर बेबलमधून वगळलेला असतो. आपला कोड उतरतो, बाहेरून आणलेली लायब्ररी ॲरो फंक्शनसकट तशीच जाते. आयई ११ ला त्यातली एक ॲरो दिसली की स्क्रिप्ट१००२, सिंटॅक्स एरर, आणि ती पूर्ण फाइल बाद. अशा लायब्रऱ्या नावाने बेबलमध्ये घ्याव्या लागतात. दोन, फाइली एकत्र बांधणारं वेबपॅक ५ व्या आवृत्तीपासून (ऑक्टोबर २०२०) स्वतःचा जोडकोडही ॲरो फंक्शनने लिहितं. तुमचा सगळा कोड जुन्या व्याकरणात असला तरी वरची चार ओळींची वेष्टणं नवीन निघतात. टार्गेटमध्ये 'वेब' बरोबर 'ईएस५' सांगा किंवा ब्राउझर्सलिस्टमध्ये आयई ११ लिहा.

जुन्या उत्तरांमध्ये 'पॉलिफिल-डॉट-आयओची एक ओळ टाका' असा सल्ला अजून सापडतो. तो पाळू नका. ते डोमेन २०२४ मध्ये दुसऱ्यांच्या हाती गेलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिथून घातक कोड वाटला जात असल्याचं उघड झालं. पॉलिफिल स्वतःच्या सर्व्हरवरूनच द्या. परक्या पत्त्यावरून आपल्या पानात कोड ओतणं मला आधीही पटत नव्हतं.

काजळी
धागा आयईचा आहे, पण माझाही 'जुना ब्राउझर'च आहे म्हणून विचारते. एका जुन्या आयपॅडवर आमचं पान पूर्ण पांढरं. एरर: इनव्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन, इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम. वापरणाऱ्याला क्रोम वापरून बघा म्हटलं, तरी तेच. एका लायब्ररीची आवृत्ती वाढवल्यापासून सुरू झालं. बेबल, कोअर-जेएस दोन्ही आहेत.

रफूगार
लुकबिहाइंड. 'याच्या आधी अमुक असेल तरच पकड' म्हणणारा रेजेक्सचा (मजकुरात नमुना शोधणाऱ्या सूत्राचा) तुकडा. क्रोममध्ये २०१७ पासून, सफारीत १६.४ पासून, म्हणजे मार्च २०२३. जुन्या आयपॅडवर ती आवृत्ती पोचत नसेल तर संपलं. क्रोमचा सल्ला उपयोगी पडला नाही कारण त्या आयपॅडवरच्या क्रोमच्या आतही ॲपलचंच वेबकिट आहे, फक्त पाटी वेगळी.

पान पांढरं पडतं ते रेजेक्स थेट तिरक्या रेघांत लिहिल्यामुळे. तसं लिहिलं की तो फाइल वाचतानाच तपासला जातो आणि अख्खी फाइल बाद होते, त्या रेजेक्सची गरज पडो न पडो. बेबलला हे उतरवता येत नाही. कोअर-जेएसही वाचवत नाही, कारण ते चालायच्या आधीच व्याकरण फसलेलं असतं. बंडलमध्ये कंस, प्रश्नचिन्ह, 'पेक्षा लहान' आणि मग बरोबरचं किंवा उद्गारचिन्ह, एवढी अक्षरं शोधा, दोषी लायब्ररी सापडेल. 'पेक्षा लहान'नंतर साधं नाव असेल तर सोडून द्या, तो नाव दिलेला गट असतो. दोषी सापडली की एकतर आधीच्या आवृत्तीवर परत या, किंवा ती जागा बदलून घ्या: आधीचा भागही एका गटात पकडायचा आणि उत्तरातून वगळायचा. बहुतेक ठिकाणी एवढ्याने भागतं.

काजळी
सापडलं. आमचं नाही, लायब्ररीच्याही पोटातली दुसरी लायब्ररी. तिची आधीची आवृत्ती बांधून ठेवली, पान आलं.

उपटसुंभ
तुम्ही सगळे मिळून २०१३ च्या ब्राउझरची जी सेवा करताय ती बघून हात जोडावेसे वाटतात. पण माझं म्हणणं तेच. एवढा वेळ त्या ॲक्टिव्हएक्सला पर्याय शोधण्यात घातला असता तर?

अर्धविराम
तो निर्णय धागा काढणाऱ्या माणसाच्या हातात नसतो रे. पान आज चालायला हवं असतं. आणि एजमधला आयई मोड किमान २०२९ पर्यंत ठेवणार असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय, म्हणजे हे प्रश्न विचारणारे अजून बरेच येतील.

वेलांटी
कोअर-जेएस लायब्ररीच्या आधी टाकलं, जुनं पॉलिफिल काढलं. गाळणी चालते. छोट्या नावाने, आयपीने, दोन्हीकडे. रफूगार, अर्धविराम, मनापासून आभार.

एक शेवटचं. काही मशीनवर आता एजचा आयई मोड लावताहेत. तिथे एफ१२ दाबलं की एजचे टूल्स येतात, पण आयई मोडमधल्या पानाबद्दल ते काही सांगत नाहीत. डॉक्युमेंटमोड कुठे बघायचा?

रफूगार
विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये एफ१२ नावाचा फोल्डर आहे, त्यात आयईचूजर नावाचा प्रोग्राम. एजमध्ये पान उघडं ठेवून तो चालवा. आयई मोडमध्ये उघडी असलेली पानं यादीत दिसतील, आपलं निवडलं की जुने एफ१२ टूल्स एम्युलेशनच्या टॅबसकट येतात.

तिथे मोड अनपेक्षित दिसला तर हेडरला हात लावण्याआधी आयई मोडची साइट-यादी सांभाळणाऱ्यांना गाठा. त्या एक्सएमएल यादीत प्रत्येक पत्त्यापुढे कंपॅट-मोडचा रकाना असतो आणि जुनी यादी तशीच उचललेली असेल तर तुमच्या पत्त्यापुढे कुणीतरी आयई ७ किंवा ८ लिहून ठेवलेलं असू शकतं. तिथे 'डिफॉल्ट' करून घ्या.

वेलांटी
बघितलं. एका मशीनवर ११, दुसऱ्यावर ८. यादीत आमच्या पत्त्यापुढे आयई ८ आहे. त्यांना कळवलंय.